चौघांच्या स्टँडवर

संगणक उघडायच्या आधी फोन उचल. वर्गात तुझी रचना जे चौघं वाजवणार आहेत त्यांची नावं सरांकडून काढून घे, जाऊन भेट त्यांना, आणि रियाज चालू असला तर दाराशी उभी राहून ऐक. कोणाचा बो जड पडतो, वरच्या स्वरावर जाताना कोण बिचकतं, चेलोवाल्या मुलीची खालची तार कशी भरून वाजते, हे सगळं तुझं सामान आहे. 'स्ट्रिंग क्वार्टेट' हा शब्द सिलॅबसमध्ये ठीक. तुला लिहायचंय ते या चार माणसांसाठी.

मोठमोठ्यांनीही हेच केलं. ऑलिव्हिए मेसियांचं 'क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम' पहिल्यांदा वाजलं ते १५ जानेवारी १९४१ ला, गर्लिट्झच्या जर्मन युद्धकैदी छावणीत. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो, असा विचित्र संच का? तर छावणीत तेवढेच वादक हाताशी होते, आणि पियानोला तो स्वतः बसला. शूबर्टच्या १८१९ च्या 'ट्राउट' क्विंटेटमध्ये दुसरं व्हायोलिन नाही, त्याऐवजी डबल बास आहे. ती रचना एका हौशी चेलोवादकाच्या सांगण्यावरून झाली, आणि बास आल्यामुळे चेलोला खाली पाया धरून बसावं लागलं नाही, त्याला वर येऊन गाता आलं. माणसं बघून लिहिल्याने संगीत लहान होत नाही, हे एकदा मनाशी पक्कं कर.

मी जन्मभर व्हियोला वाजवला, ताडदेवपासून गोरेगावपर्यंतच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत, आणि पुढे हात जरा मोकळे झाल्यावर तुझ्यासारख्या विद्यार्थ्यांच्या नव्या रचना पहिल्यांदा वाचून दाखवायला. व्हियोलावाला मधे बसतो. त्याला सगळ्यांचं ऐकू येतं, त्याचं मात्र कोणाला येत नाही. त्यामुळे माझं सांगणं जरा खालच्या बाजूने येईल. रचनाशास्त्र तुला सर शिकवतील. मी सांगणार ते स्टँडवर ठेवलेल्या कागदाबद्दल.

पाच मिनिटांची रचना मागितली आहे ना? मग आधी वाण्याचा हिशेब कर. मिनिटाला ७२ मात्रांची लय धरलीस तर पाच मिनिटांत ३६० मात्रा होतात, म्हणजे चार-चारचे ९० बार. संपलं. आता त्या नव्वदांत तू म्हणतेस तशी चार वेगवेगळी दृश्यं, मधे एक फ्यूग आणि शेवटी पावसाचा आवाज कुठे मावणार ते तूच बघ. सुचलेल्यातलं एक घे, बाकीचं वहीत ठेव. पुढच्या सेमिस्टरलाही काहीतरी लागेलच.

आणि ते एकसुद्धा लहान असू दे. आजीने तुला शिकवलेली बंदिश किती ओळींची होती? अस्थायी नि अंतरा मिळून चार. त्यावर ती अर्धा तास गायची. तिकडे हायडननेही तेच केलं. त्याच्या ऑपस ७६ मधलं दुसरं क्वार्टेट काढून ऐक, १७९७ च्या सुमाराचं. सुरुवातीला व्हायोलिन दोनदा पाच स्वर खाली उतरतं, बस एवढंच. त्या दोन उड्या पहिल्या भागात कुठे कुठे भेटतात ते पेन्सिल घेऊन मोज: वर, खाली, उलट्या, चेलोत, दुसऱ्याच कशाच्या तरी आड. बेटोव्हनचं ऑपस १८ मधलं पहिलं क्वार्टेट असंच एका वळणदार तुकड्यावर उभं आहे, आणि तो तुकडा नीट बसेपर्यंत त्याने मसुद्याच्या वहीची पानंच्या पानं खर्ची घातली. तुझा तुकडा गाऊन बघ. गाता येत नसेल तर ठेका टाळीवर धरून बघ. दोन्हीतून ओळखू आला नाही तर तो वाजवतानाही कोणाला ओळखू येणार नाही.

आता वाद्यं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण वर्गातल्या निम्म्या रचना इथेच अडकतात.

व्हायोलिनला चार तारा, खालून वर जी, डी, ए, ई. समजा तू एकाच व्हायोलिनला सगळ्यात खालचा ए आणि त्याच्या वरचा सी असे दोन स्वर एकदम लिहिलेस. कागदावर गोजिरवाणे दिसतात. संगणक तर इतका गोड वाजवतो की तू खूश. पण ते दोन्ही स्वर जी तारेवरच आहेत. डी तार सुरू होते तीच त्या सीच्या पुढे. एका तारेतून एका वेळी एकच स्वर निघतो. म्हणजे पहिल्याच वाचनात व्हायोलिनवाला थांबणार, चष्मा वर करणार आणि तुझ्याकडे बघणार. तेच मोकळ्या जीबरोबर डी तारेवरचा ई मागितलास तर तो पहिल्या बोटाने हसत हसत देईल. म्हणून एक पुठ्ठा घे, त्यावर चार रेघा ओढ, प्रत्येक तारेवर कुठे कुठला स्वर ते मांड, आणि जोडस्वर लिहिण्याआधी त्या पुठ्ठ्यावर स्वतःची बोटं ठेवून बघ. बोटं ताणून दुखली तर त्याचीही दुखतील.

व्हियोला आणि चेलोच्या तारा सारख्याच नावाच्या, सी, जी, डी, ए. चेलोच्या एक सप्तक खाली. आमच्या व्हियोलाची पेटी त्याच्या स्वरांच्या मानाने लहान असते. पाहिजे तेवढी मोठी केली तर ती हनुवटीखाली मावणार नाही. त्यामुळे आवाज थोडा झाकलेला, घशातून आल्यासारखा. हा गुण आहे, पण जपायला लागतो. दोन व्हायोलिनं वर जोरात, चेलो खाली जोरात, आणि मधे व्हियोलाला धून. असं लिहिणाऱ्या मुलांना मी मनातल्या मनात नमस्कार करतो. संगणकात व्हियोलाची कळ फिरवून आवाज वाढवता येतो, खोलीत कळ नसते. व्हियोलाचं म्हणणं ऐकू यायला हवं असेल तर बाकीच्यांना हळू कर, पातळ कर, नाहीतर सरळ गप्प बसव. बार्टोकने सहाव्या क्वार्टेटची सुरुवात एकट्या व्हियोलावर सोपवली आहे, बाकी तिघं बो मांडीवर ठेवून ऐकत असतात. १९३९ सालची रचना. आम्हा व्हियोलावाल्यांना ती सुरुवात तोंडपाठ असते, कारण अशी संधी कितीदा मिळणार.

चेलोच्या खर्जात गंधार षड्जाला चिकटवून ठेवू नकोस, गढूळ होतं. खाली अंतर ठेव, वर दाटी कर. आणि चेलो म्हणजे फक्त पाया असं समजू नकोस. त्याची ए तार वरच्या अंगाने वाजली की पुरुषी आवाजाचा गवय्या तार सप्तकात गेल्यासारखी वाटते. चौघांत एवढा ताण दुसऱ्या कोणाच्या आवाजात नाही.

बोची लांबी ठरलेली असते. स्लर म्हणजे एका बोत घ्यायचे स्वर, आणि जोरात वाजवलं की बो लवकर संपतो. संथ लयीत, फोर्टिसिमोत, चार बार लांब स्लर काढणाऱ्याने एकदा कोरड्या लाकडी पट्टीने हवेत ते वाजवून पाहावं. बोटाने तार छेडायची असेल, म्हणजे पिझिकातो, तर हात बदलायला वेळ लागतो. त्यातही युक्ती आहे: बो वर जाताना संपला तर हात आपोआप तारांपाशी आलेला असतो, खाली जाताना संपला तर तो लांब गेलेला असतो. पिझिकातोच्या आधी दोन मात्रांची विश्रांती दिलीस तर वादक तुला दुवा देतील. म्यूट लावायलाही तसंच. एखादा बार रिकामा ठेव, आणि चौघांना एकदम म्यूट लावायला लावू नकोस, त्या शांततेत चौघांची खुडबूड ऐकू येते. हवं तर बार्टोकसारखं कर. त्याच्या चौथ्या क्वार्टेटचा दुसरा भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत म्यूट लावून आहे, चौथा पूर्ण पिझिकातोत. बदलायची भानगडच नाही.

विश्रांतीचं आणखी एक. नव्याने लिहिणारे सगळे चौघांना सतत कामाला लावतात. पंगतीत चौघं एकदम बोलायला लागले की आमटी वाढणाऱ्यालाही काही कळत नाही, तसं होतं. तुझ्या नव्वद बारांपैकी चौघंही वाजतायत असे किती ते मोज. मला वाटतं निम्म्याच्या वर गेलीस की कात्री लाव. दोघांचं वाजणं ऐकल्यावर तिसरा आला तर तो आल्याचं कळतं.

सुराबद्दल तुला इतरांपेक्षा जास्त कळतं, ते विसरू नकोस. तानपुऱ्याच्या खर्जातून उठणारा स्वयंभू गंधार तू लहानपणापासून ऐकला आहेस. पेटीच्या किंवा पियानोच्या गंधारापेक्षा तो किंचित उतरलेला असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भागांनी. क्वार्टेटमधले चांगले वादक लांब, स्थिर मेजर कॉर्डवर आपोआप त्या गंधाराकडे सरकतात, कारण त्यांच्या वाद्यांत पट्ट्या नाहीत, पडदेही नाहीत. म्हणून असा कॉर्ड लिहिलास की गंधार कोणाकडे आहे ते बघ, आणि त्याला तो ऐकून बसवायला वेळ दे. अर्ध्या मात्रेचा मेजर कॉर्ड सुरात वाजला की नाही हे देवालाच ठाऊक. आणि पहिल्यांदा लिहितेस तर डी, जी, ए, सी अशा पट्टीत लिही. मोकळ्या तारा आपणहून घुमतात, वाद्यं मोठी वाटतात. सहा फ्लॅट घालून विद्वत्ता दाखवायची हौस पुढच्या वर्षी भागव.

तू राग घेणार आहेस हे मला न विचारता कळलं. आपल्याकडची सगळी मुलं घेतात, आणि घ्यावाच. मुंबईत ही धडपड नवी नाही. मेहली मेहतांनी १९४० मध्ये इथे बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट काढलं होतं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू, फिल्मी वाद्यवृंदाच्या धबडग्यातून वेळ काढून राग आणि ऑर्केस्ट्रा एकत्र बसवायला झटत राहिले. वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकादमीत आणि मग पॅरिसला नाडिया बूलांजेंकडे शिकून आले; लोकांना ते 'मंथन' आणि 'भूमिका'मुळे माहीत, पण पाश्चात्य पद्धतीची मैफलीसाठीची रचनाही ते लिहीत होते. म्हणजे रस्ता मळलेला आहे. खड्डे कुठे आहेत तेवढे मी सांगतो.

पहिला खड्डा: चेलोला पाच मिनिटं षड्ज धरायला लावणं. ते तानपुऱ्याचं काम आहे, आणि तानपुऱ्याच्या तारेत जी झणकार असते ती बोने धरलेल्या एका सुरात नसते. शिवाय ती मुलगी दहा वर्षं शिकून आली आहे. दुसरा: राग निवडताना त्याचा स्वभाव न बघणं. मारवा घेतलास समज. मारव्यात षड्ज टाळत राहायचा असतो, कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर जीव टांगायचा असतो. आता खाली चेलोने षड्ज दाबून धरला तर मारव्याचं उरलं काय? उलट कर. षड्ज कोणाकडेच देऊ नकोस. साठ-सत्तर बार तो स्वर चौघांपैकी कोणीच वाजवायचा नाही, आणि मग एकाने, तोही हळू, दुसऱ्या व्हायोलिनने. हे झालं रागातून आकार काढणं. स्वर उचलून वर कॉर्ड चिकटवणं कोणीही करतं.

तिसरा: मींड. ती एकाच तारेवर निघते, तार बदलली की तुटली. म्हणून कुठल्या तारेवर हवी ते लिही; 'सुल जी' लिहिलंस की वादक जी तार सोडत नाही. आपला व्हायोलिनवादक मांडी घालून बसतो, वाद्याचं टोक पायावर टेकवतो, त्याचा डावा हात पूर्ण मोकळा असतो. हनुवटीखाली वाद्य धरणाऱ्याच्या हाताला वाद्य सांभाळायलाही थोडं लागतं, त्यामुळे सप्तकभर लांब मींड त्याला तेवढ्या सहज जमणार नाही. मध्यमापर्यंत, पंचमापर्यंत माग. आणि दरबारीचा आंदोलित गंधार चौघांना एकदम देऊ नकोस. चार आंदोलनं कधीच एकत्र हलत नाहीत, ऐकणाऱ्याला गलबला वाटतो. एकाला दे, बाकीच्यांना त्याच्याभोवती स्थिर ठेव. हे सगळं खुणांनी लिहून पुरत नाही. वादकासमोर बस आणि गाऊन दाखव. स्टुडिओत आम्हाला अरेंजर असंच सांगायचे. कागदावर फक्त दोन स्वर आणि मधे रेघ असायची, रेघेत काय ते गळ्यातून यायचं.

आणि शेवटी तिहाई घालू नकोस. घालतेसच. मला माहीत आहे. पण चौघांनी एकाच लयीत तीनदा तोच तुकडा मारून समेवर येणं हे आता इतक्यांनी इतक्यांदा केलं आहे की दुसऱ्या फेरीलाच लोक टाळ्यांची तयारी करतात. तिहाई हवीच असेल तर मधे कुठेतरी लपव, तीन तुकडे तीन वाद्यांना वाटून दे, आणि सम चौथ्याकडे ठेव. शेवट कसा फसवावा हे हायडनच्या ऑपस ३३ मधल्या दुसऱ्या क्वार्टेटमध्ये बघ. संपलं म्हणून टाळी वाजवावी तर पुन्हा सुरू होतं.

नाव आणि टिपण यांवर वेळ घालवू नकोस. 'अस्तित्वाचे तरंग' असलं काही ठेवलंस तर मी येणार नाही.

आता खरं काम: पार्ट. स्कोअर म्हणजे चौघांचं सगळं एकाखाली एक. तो तुझ्यासाठी आणि सरांसाठी. वादकाच्या स्टँडवर असतो तो त्याच्या एकट्याचा पार्ट, आणि त्याला तुझ्या रचनेतलं तेवढंच दिसतं. मुलं महिनाभर स्कोअर घासतात आणि पार्ट आदल्या रात्री एक बटण दाबून काढतात. मग काय होतं बघ. उजव्या पानाच्या तळाशी धावता तुकडा अर्ध्यात तुटलेला. दोन्ही हात गुंतलेले, पान उलटायचं कोणी? व्हायोलिनवाला एक बार सोडून देतो, दुसरा त्याच्यासाठी थांबतो, चेलो तसाच पुढे जातो, आणि तू मागे बसून म्हणतेस की यांना वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक पार्ट हातात घेऊन बघ. उजव्या पानाच्या शेवटी दोन-तीन बारांची विश्रांती यायला हवी. येत नसेल तर पान अर्धं रिकामं सोड, ओळी सैल कर, हवं तर तिसरं पान बाजूला चिकटवून घडी उघडी ठेव. रिकामी जागा दिसली तर कोणी मार्क कापत नाही.

बार क्रमांक प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला घाल, आणि जिथे संगीत वळतं तिथे रिहर्सल लेटर, ए, बी, सी. 'जिथे जरा उदास होतं तिथून घेऊ या' असं म्हणालीस तर चौघं चार ठिकाणांहून घेतील. एखाद्याला बारा बार विश्रांती असेल तर त्याच्या शिरण्याआधीचे दोन बार दुसऱ्याचे बारीक अक्षरात छापून दे, म्हणजे मोजणं चुकलं तरी कानाने सापडतं. हळू-जोरच्या खुणा चारही पार्टांत घातल्या आहेत ना, ते तपास. स्कोअरमध्ये वर एकदा लिहिलेलं 'पियानो' खाली चेलोच्या पार्टात उतरत नाही, आणि मग चेलोवाली जोरात वाजवते नि तिला दोष. लय बदलली, थांबा आला, तोही प्रत्येकाच्या कागदावर हवा.

आणि एक दिवस माझ्यासारखं बस. एकच पार्ट समोर, खुर्चीवर ताठ, स्कोअर बंद. स्वर मनात म्हणत, पायाने लय धरत पहिल्यापासून शेवटपर्यंत जा. व्हियोलाचा पार्ट वाचताना कंटाळा आला तर व्हियोलावाल्यालाही येणार. त्याला सगळ्या रचनेत एक जागा अशी दे की घरी जाताना तो ती गुणगुणेल. चौघांनाही. तशी जागा मिळाली की माणूस बाकीचे कंटाळवाणे बारही जीव लावून वाजवतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण स्टँडमागे बसलेल्या कोणालाही विचार.

पार्ट आठवडाभर आधी पोचव. छापील, कागदावर, फाइल पाठवून 'प्रिंट काढून घ्या' म्हणणं बरं दिसत नाही.

रिहर्सलला पेन्सिली जास्त ने आणि तोंड बंद ठेव. तुला चाळीस मिनिटं मिळतील. पहिल्यांदा न थांबता शेवटपर्यंत जाऊ दे, कितीही मोडलं तरी. पहिलं वाचन वाईटच वाजतं. त्यात तुझ्या रचनेचा निकाल लागत नाही, फक्त कुठे सगळे एकाच जागी अडतात ते कळतं. एक जण अडला तर त्याची चूक असू शकते. तीच जागा दोनदा, दोघांकडून अडली तर ती तुझी, तिथे स्कोअरवर फुली मार. सांगायचं ते बार क्रमांक सांगून, एका वाक्यात, आणि काय हवं ते सांग. तुझ्या मनात तेव्हा कुठला रंग होता ते चहाला सांग. हात हलवून कंडक्ट करू नकोस. ते चौघं एकमेकांच्या श्वासावर आणि पहिल्या व्हायोलिनच्या मानेवर चालतात. मधे तू हात फिरवलास तर बघायचं कोणाकडे?

वादकाने 'हे असं केलं तर?' विचारलं तर आधी 'वाजवून दाखव' म्हण. ब्राम्सने व्हायोलिन कॉन्चेर्तो लिहिताना त्याच्या व्हायोलिनवादक मित्राला, योआखिमला, शेकडो गोष्टी विचारल्या, आणि सगळ्या ऐकल्याही नाहीत. तुलाही नाही म्हणायचा हक्क आहे, पण ऐकून झाल्यावर.

फोनवर रेकॉर्ड कर आणि लगेच ऐकू नकोस. दोन दिवसांनी ऐक, स्कोअरशिवाय. जिथे तुझं लक्ष उडालं तिथे सेकंद लिहून ठेव. मग स्कोअर काढ आणि त्या जागी काय आहे ते बघ. बहुतेक वेळा तिथे तुला फार आवडलेलं काहीतरी असतं, दोनदा घातलेलं.

दुरुस्तीची लाज नको. बेटोव्हनने ऑपस १८ च्या त्याच पहिल्या क्वार्टेटची प्रत १७९९ मध्ये आमेंडा नावाच्या मित्राला दिली होती. दोन वर्षांनी त्याला पत्र लिहून कळवलं, की ती कोणाला देऊ नकोस, मी ते बरंच बदललंय, क्वार्टेट कसं लिहायचं ते मला आता कुठे समजलं. तीस वर्षांचा होता. राव्हेलने त्याचं एकमेव स्ट्रिंग क्वार्टेट विशीत, १९०३ मध्ये पुरं केलं, गुरू गाब्रिएल फोरेंना अर्पण केलं, आणि तरीही शिक्षणसंस्थेच्या परीक्षकांनी त्याला काही बक्षीस दिलं नाही. आज ते जगभर वाजतं. पण या गोष्टीचा आधार घेऊन सरांनी लाल शाईने लिहिलेलं वाचायचं टाळू नकोस. बहुतेकांच्या बाबतीत परीक्षक बरोबर असतात. ब्राम्स चाळीशीला आला तेव्हा कुठे त्याने पहिली दोन क्वार्टेटं छापली, त्याआधीची वीसेक त्याने नष्ट केली असं सांगतात. तू मात्र काही फाडू नकोस. तारीख घालून पेटीत ठेव.

पार्ट तयार झाले की त्यातला व्हियोलाचा मला पाठव. स्कोअर नको, रेकॉर्डिंगही नको. संध्याकाळी वाजवून बघतो, आणि पान उलटायला कुठे अडलो ते बार क्रमांकासह कळवतो.